पुसण्याआधी एकदा विचारा

गोव्यातील नगरपालिकांचे नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, नगरसेवक आणि पंचायतींचे सरपंच व पंच यांस,

सादर नमस्कार.

मी चित्रकलेची शिक्षिका. गोव्यातल्या एका लहान शहरातल्या शाळेत गेली बावीस वर्षं शिकवते आहे. शहराचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे जे झालं ते दुसरीकडेही होऊ शकतं, होतंही. राज्यात १३ नगरपालिका, एक महानगरपालिका आणि १९१ पंचायती आहेत. सार्वजनिक भिंतींचं काय करायचं ते तुम्ही मंडळी ठरवता, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

आधी आमच्या भिंतीबद्दल सांगते.

बसथांब्यावरून मासळी बाजाराकडे एक गल्ली जाते. तिच्या एका बाजूला सार्वजनिक आवाराची कुंपणभिंत आहे. चाळीसेक पावलं लांब, पुरुषभर उंच, चिऱ्याची आणि वरून सिमेंटचा गिलावा. पावसाळ्यात हिरवी, उन्हाळ्यात काळी आणि बाराही महिने तांबड्या पिचकाऱ्यांनी भरलेली. लोकांनी तिथे लघवीला उभं राहू नये म्हणून कुणीतरी देवांच्या चित्रांच्या टाईल्स बसवल्या होत्या, शेजारी एक क्रूसही होता. देवाला असं राखणीला बसवलेलं मला कधीच बघवलं नाही. त्याचा उपयोगही होत नव्हता. टाईल सोडून दोन हात पलीकडे लोक उभे राहायचेच.

नववीच्या मुलांना घेऊन ही भिंत रंगवायचं मी ठरवलं. अर्ज दिला. ‘करा की टीचर, चांगलं काम आहे,’ असं तोंडी उत्तर मिळालं. दिवाळीनंतर, भिंत नीट सुकल्यावर, आम्ही सलग नऊ रविवार त्या गल्लीत होतो.

पहिल्या रविवारी मुलांनी वहीत काढून आणलेली चित्रं बघितली आणि माझं मलाच वाईट वाटलं. समुद्र, सूर्यास्त, माड, उडी मारणारा डॉल्फिन, डोक्यावर घागर घेतलेली कुणबी बाई. यातलं प्रत्येक चित्र मुलांनी आधी कुठल्या ना कुठल्या रंगवलेल्या भिंतीवर बघितलेलं होतं. आमच्या शहरातून समुद्र दिसत नाही. डॉल्फिन तर वर्गातल्या एकाही मुलाने डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मी वह्या मिटायला लावल्या आणि सांगितलं, या गल्लीतून रोज जाणाऱ्यांना जाऊन विचारा, इथे काय असावं म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या नुस्तेकान्नीने, म्हणजे मासळीवालीने, मुलांना आधी हाकललंच, गिऱ्हाईक अडतं म्हणून. पुढच्या रविवारी मुलं बांगडा काढू लागली तेव्हा मात्र ती पाटी सोडून उठली. ‘टीचर, बांगड्याच्या पोटार खंय आसतात पट्टे? पट्टे पाठीर!’ तिने पाटीतला एक बांगडा उचलून मुलांच्या समोर धरला. निळसर हिरवी पाठ, तिच्यावर अंगाच्या लांबीने जाणाऱ्या काळपट रेघा. पोट नुसतं रुपेरी. मग शेपटीजवळची बारीक पिसांसारखी परं दाखवली, ती मोजायला लावली. बावीस वर्षं मी निरीक्षणावर बोलत आले, पण त्या पाच मिनिटांत मुलं जे शिकली ते माझ्याने झालं नसतं. तिथून पुढे ती बाई आमच्यातलीच झाली. इसवण, मोरी, तारले, सुंगटं, सगळं तिच्या नजरेखालून गेलं. मोरीचा जबडा तिने तीनदा पुसायला लावला.

पायलटांच्या थांब्यावरून मागणी आली की काळी मोटरसायकल काढा, पण पुढचा मडगार्ड पिवळा हवा, नाहीतर ती आमची नव्हे. मोटरसायकलवर भाडं मारणारे हे पायलट म्हणजे आमच्या शहराची अर्धी ओळख आणि त्यांचं चित्र कुठेही नाही. एका मुलाच्या आईने, ती बाजारात फुलं विकते, मोगऱ्याच्या माळेखाली ‘मल्लिगे’ हा शब्द तिच्या कन्नड लिपीत लिहून हवा असं सांगितलं. तो तिने स्वतः लिहिला. ब्रश तिने त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरला होता.

मासळीची नावं कोणत्या भाषेत लिहायची यावर गल्लीत पाऊण तास चर्चा झाली. गोव्यात हा प्रश्न साधा नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. मराठी की कोंकणी, देवनागरी की रोमी, यावरून आपण किती भांडलो आहोत! शेवटी ठरलं की जो ज्या नावाने मासा मागतो ते नाव लिहायचं. म्हणून बांगड्याशेजारी बांगडोही आला आणि रोमी लिपीतलं नावही. कुणाचंच काही पुसावं लागलं नाही.

अक्षरं शिकवायला आमचे पेंटरबाब आले. साठी उलटलेला हा माणूस. फ्लेक्स आले तेव्हा त्यांचं पाट्यांचं काम गेलं. त्याआधी जत्रेतल्या मराठी नाटकांचे पडदे ते रंगवायचे, राजवाडा, जंगल, रस्ता असे. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकऱ्यांनी नाटक करायचं ही परंपरा आजही जिवंत आहे, आणि ज्या पडद्यांसमोर आपले आजे-पणजे संभाजी आणि तळीराम झाले त्या पडद्यांवर रंगवणाऱ्याचं नाव बहुधा नसायचंच. पेंटरबाबांनी मुलांना खडूच्या दोरीने ओळ मारायला शिकवलं. दोघांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्याने मधोमध ओढून सोडायची, भिंतीवर टपकन सरळ रेघ उमटते. शिरोरेषा आधी की अक्षर आधी, वेलांटीला हात कुठून वळतो, हे त्यांनी दाखवलं. मला कला महाविद्यालयात सुलेखनाचे धडे मिळाले होते, तरी मी वही काढून त्यांच्याकडून लिहून घेतलं.

आणि एक म्हातारे गृहस्थ. रोज संध्याकाळी काठी टेकत यायचे, बघायचे, जायचे. चौथ्या रविवारी त्यांनी भिंतीच्या एका भागावर काठी ठेवली आणि म्हणाले, ‘इथे मागे झर होती. आम्ही इथून पाणी न्यायचो.’ नेमका तोच भाग आम्हाला छळत होता. दोनदा प्रायमर मारला तरी ओल यायचीच. मुलांनी तिथे रंग थापायचं सोडून दिलं आणि ओलीच्या कडेने दगड, पायऱ्या, कळशी घेतलेली मुलगी काढली. ओल तशीच राहिली, फक्त आता ती झर होती. पावसाळ्यात ती वाढायची, मे महिन्यात आटायची. शहराच्या पोटात पाणी आहे हे मुलांना त्या भिंतीने सांगितलं. भूगोलाच्या पुस्तकात ते नव्हतं.

थुंकणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही, कमी झालं. कुणी थुंकलाच तर नुस्तेकान्न जागेवरून ओरडायची आणि पायलट त्याला पाणी आणून धुवायला लावायचे. पालिकेचा एक पैसाही त्यात खर्च झाला नाही.

तीन पावसाळे ते चित्र टिकलं. चौथ्या वर्षी मे महिन्यात एका सकाळी मला फोन आला. मी पोचले तेव्हा तीन माणसं रोलरने क्रीम रंग लावत होती, खाली तपकिरी पट्टा. बांगड्याचं डोकं तेवढं उरलं होतं. विचारलं, तर म्हणाले, ‘ऑर्डर आसा.’ त्या बिचाऱ्यांना दोष कसा देणार! कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने मला बसवलं, पाणी दिलं आणि खरं तेच सांगितलं, ‘टीचर, ही भिंत सुशोभीकरणाच्या कामात आली. तुमच्या चित्राची आमच्याकडे नोंदच नव्हती.’ चार दिवसांनी त्या क्रीम भिंतीवर स्वच्छतेचं घोषवाक्य आलं. महिन्याभरात पिचकाऱ्याही आल्या. त्यावर आता कुणी ओरडत नाही.

माझं दुःख चित्र गेल्याचं आहे, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. यावर मी बराच विचार केला आहे.

आम्ही गोव्याची माणसं केलेलं मोडायला घाबरत नाही. दिवाळीच्या आधी दोन-तीन आठवडे वाड्यावाड्यावरची मुलं शाळा-कॉलेज सुटल्यावर नरकासुर बांधतात. बांबू, गवत, वर्तमानपत्रं, खळ, रंग. एरवी वर्गात पेन्सिल न धरणारा मुलगा नरकासुराचे डोळे असे काढतो की मी बघत राहते. रात्रभर तो रस्त्यावर मिरवतो आणि पहाटे तीच मुलं त्याला आग लावतात. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला रानातली फळं, पानं, फुलं बांधायला दोन दिवस लागतात, ती आपणच सोडवतो. अंगणातली रांगोळी जिने काढली तीच दुसऱ्या दिवशी केरसुणीने काढते. शिगम्याचे चित्ररथ, कार्निव्हालचे चित्ररथ, सगळं रस्त्यावर येतं आणि जातं. चित्र कायमचं टिकावं असा हट्ट आपल्या मातीतच नाही.

पण यातल्या प्रत्येक ठिकाणी मोडणारा हात बांधणाऱ्याचाच असतो. नरकासुर दुसऱ्या वाड्यावरच्या कुणी येऊन आधीच पेटवला तर काय होतं, ते तुम्ही सगळ्यांनी कधी ना कधी पोलीस चौकीत निस्तरलं असेल. आमची भिंत कुणी मोडली, कशासाठी मोडली आणि आम्हाला का सांगितलं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या सकाळी मुलांना जो धडा मिळाला तो असा: शहर आपलं नाही, आपण इथे फक्त राहतो. हा धडा पुसायला मला एका भिंतीपेक्षा जास्त रंग लागणार आहे.

‘सुशोभीकरण’ या शब्दाशी माझं भांडण इथेच आहे. या कामात चित्र चौरस मीटरवर मोजलं जातं, विषय वरून ठरतो, रंगवणारे बाहेरून येतात आणि चार दिवसांत जातात. ते कलाकारही पोटासाठीच येतात, त्यांच्याबद्दल मला राग नाही. पण अशा भिंतीकडे बघून शहरातला माणूस म्हणतो, ‘बरं केलंय.’ आमच्या भिंतीकडे बघून तो म्हणायचा, ‘ते चुकलंय, थांबा, मी दाखवतो.’ मला हे दुसरं वाक्य हवं आहे. चुका दाखवायला पुढे येणारा माणूस तुमच्या कुठल्या योजनेत मिळतो?

गोव्यात माणूस दगडावर, भिंतीवर काहीतरी सांगत आला त्याला हजारो वर्षं झाली. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठावर, उसगाळीमळ-पणसायमळला, सपाट चिऱ्याच्या कातळावर बैल, गवे, हरणं, नाचणारी बाई आणि चक्रव्यूहासारखी वर्तुळं कोरलेली आहेत. शंभराहून अधिक आकृत्या. अभ्यासकांपर्यंत ती १९९३ मध्ये पोचली, पण गावकरी त्यांच्यावरून पिढ्यान्पिढ्या चालत होते. मी दर दोन वर्षांनी मुलांना तिथे नेते. चित्र समोर टांगलेलं नाही, पायाखाली आहे, हे बघून मुलं बूट काढतात. मी सांगितलेलं नसतं.

मग कावी, भिंतीवर तांबड्या-पांढऱ्यात कोरायची आपली जुनी कला. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती बघा. पांढऱ्या चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर तांबड्या कावेचा थर द्यायचा आणि तो सुकायच्या आत लोखंडी काट्याने रेषा कोरायच्या. नको तिथली काव खरवडली की खालचा पांढरा वर येतो. चुना शिंपल्यांचा, त्यात गूळ घालून तो मुरवलेला. काव तर आपल्याच तांबड्या मातीची. रंग भिंतीवर बसत नाही, तो भिंतच होतो. म्हणून आपल्या पावसात ती चित्रं टिकली. आज लिस्बनचा व्हिल्स या नावाने काम करणारा आलेशांद्रे फार्तो भिंतींचा गिलावा खरवडून मोठमोठे चेहरे काढतो आणि जग त्याचं कौतुक करतं. करावंच, तो फार चांगला कलावंत आहे. पण त्याचं काम पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कावीच आठवली.

या कावीवरून कामाचं एक सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. जुन्या चिऱ्याच्या, चुन्याच्या भिंतींवर ॲक्रिलिक रंग मारू नका. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चिरा पाणी पितो आणि चुन्यातून ते बाहेर सोडतो. वर प्लॅस्टिकचा थर बसला की पाणी आतच कोंडतं, दोन पावसांत पापुद्रे सुटतात आणि सोबत जुना गिलावाही घेऊन येतात. अशा भिंतींना चुनाच द्या आणि चित्रं सिमेंटच्या गिलाव्यावर होऊ द्या. काम ऑक्टोबरनंतर काढा. मार्चअखेरच्या निधीतून मे महिन्यात घाईने रंगवलेली भिंत जूनमध्येच रडायला लागते.

भिंतींवर चित्रं आली की काय काय होईल, ही तुमची भीती मला समजते. राजकारण येईल, धर्म येईल, अश्लील काहीतरी येईल. भिंतींवरचं राजकारण आपल्याला नवं नाही. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी दोन पानं आणि फूल ही दोन चिन्हं गोवाभर होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं, आणि यावर घराघरांत फूट पडली होती. १,७२,१९१ मतं वेगळं राहण्याच्या बाजूने पडली, १,३८,१७० विलीनीकरणाच्या. माझ्या घरातले मोठे फुलाच्या बाजूचे होते, ते अजून हळहळतात. पण तेव्हा साधा माणूस आपल्या गावाच्या भविष्याबद्दल बोलत होता, आणि १९४६ मध्ये मडगावात डॉ. लोहियांना पोर्तुगिजांची सभाबंदी मोडावी लागली होती हे आठवलं की त्या बोलण्याची किंमत कळते. मला भिंतीवर प्रचार नको आहे. विनापरवानगी लिहिण्या-चिकटवण्याला आळा घालणारा १९८८ चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे, तो राहू दे. मात्र त्याच कायद्याच्या भीतीने शाळेतली मुलं आणि निवडणुकीचं पोस्टर एकाच मापाने मोजू नका. ज्यांना रोज त्या भिंतीसमोरून जायचं आहे त्यांना आधी विचारलं, तर वंगाळ काही त्यांनाच नको असतं. आमच्या गल्लीत एकदाच कुणीतरी रात्री शिवी लिहून गेलं. सकाळी मी पोचायच्या आधी पायलटांनी ती रंगवून टाकली होती.

दुसरी भीती मात्र खरी आहे आणि तिच्याबद्दल मी तुमच्या बाजूने आहे. रंगीत भिंत दिसली की पर्यटक येतात. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या रहिवाशांना दारात फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीने इतकं जेरीस आणलं की ‘इथे फोटो काढू नका’ असे फलक लावायची वेळ आली. माणूस आपल्या बलकांवात, दारासमोरच्या ओट्यावर, चहा घेऊन बसू शकत नाही, ते कसलं सौंदर्य? म्हणून मी मोठमोठी, गाडीतून दिसतील अशी भित्तिचित्रं मागत नाही. मी लहान भिंती मागते आहे. शाळेच्या वाटेवरच्या, मार्केटच्या मागच्या, विहिरीच्या कठड्याच्या. जिथे फक्त तिथलाच माणूस जातो.

मोठी कामंही व्हावीत, ती वेगळी गोष्ट. पणजीत कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर सभागृहाच्या बाजूच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले आहेत. नाटक रिकाम्या खुर्च्यांसमोर झालं तरी नटाला बघणारे कुणीतरी आहेत. माझ्या मते आपल्या शहरांत भिंतीने काय करावं याचं त्याहून चांगलं उदाहरण नाही. साळगावचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा मुंबईत शाळेत असताना स्वच्छतागृहाच्या भिंतीवरच्या चित्रांवरून त्यांना शाळेतून काढलं होतं. ते म्हणायचे, मी फक्त दुसऱ्यांनी वाईट काढलेली चित्रं दुरुस्त केली. २०१९ च्या डिसेंबरात त्यांचा नातू सोलोमन सूझा पणजीत आला आणि सेरेंडिपिटी कला महोत्सवासाठी त्याने शहराच्या भिंतींवर गोमंतकीय माणसांचे मोठमोठे चेहरे स्प्रेने रंगवले. आजोबांना भिंतीपायी शाळा सोडावी लागली आणि नातवाला बोलावून भिंत दिली गेली. मधल्या काळात आपण काहीतरी शिकलो, असं मी मुलांना सांगते. ते खरं ठरावं एवढीच इच्छा आहे.

पुसण्याबद्दल कायदा काय म्हणतो तेही ऐका. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं कांस्याचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी त्यांना न विचारता काढलं गेलं आणि गोदामात टाकलं गेलं. ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कलावंताचा आपल्या कृतीशी असलेला संबंध ती विकल्यावरही संपत नाही, असं मानलं. सरकारला पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश झाला. मी कोर्टात जाणार नाही. आमची नववीची मुलं सेहगल नव्हेत आणि मला भरपाई नको. पण भिंत मालकाची असली तरी चित्रावर दुसऱ्याचाही काही हक्क असतो, हे देशाच्या न्यायालयाने सांगितलेलं आहे, तेवढं तुमच्या फायलीत असू द्या.

लिस्बन महापालिकेने २००८ मध्ये नागरी कलेसाठी आपला एक स्वतंत्र विभागच सुरू केला. त्याने काही भिंती आणि फलक चित्रांसाठी मोकळे करून दिले, तिथे आळीपाळीने नवी चित्रं येतात. त्याच शहरात २०१२ पासून लाटा ६५ नावाने वयस्कर माणसांना स्टेन्सिल कापायला आणि स्प्रे धरायला शिकवतात. सत्तरी-ऐंशीच्या आज्या भिंती रंगवतात. मी त्यांची छायाचित्रं आमच्या पेंटरबाबांना दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘आमकां कोण विचारता?’

त्यांना विचारा, हे माझं पहिलं मागणं. फ्लेक्समुळे घरी बसलेले पाट्या रंगवणारे, पडदे रंगवणारे, देवळातले चित्रकार तुमच्या प्रत्येक प्रभागात एखादा तरी सापडेल. त्यांना मानधन द्या आणि मुलांसोबत भिंतीशी उभं करा. फर्मागुढीपासून काणकोणपर्यंत हात आहेत, फक्त ते रिकामे आहेत.

प्रत्येक प्रभागात एक भिंत मोकळी सोडा. जास्त नको, एकच. पंचायतीत असेल तर ती कुठली ते रविवारच्या ग्रामसभेत ठरू द्या. चित्र काय असावं याचा निर्णय त्या वाटेने जाणाऱ्यांना करू द्या, तुमच्याकडे फक्त कच्चं रेखाटन येईल. परवानगीचा अर्ज एका पानाचा ठेवा आणि उत्तर लेखी द्या. माझ्यासारखीने तोंडी ‘करा की’ वर विश्वास ठेवला, ती चूक माझीही होती.

आणि एक वही घाला. खरोखरची, शंभर पानी वही चालेल. कोणती भिंत, कुणी रंगवली, कुणी राखायची, किती वर्षांसाठी. रंगाची निविदा काढण्याआधी इंजिनियरने ती वही उघडून बघायची, एवढाच नियम. भिंत पडायला आली असेल तर गोष्ट वेगळी. एरवी पुसायच्या पंधरा दिवस आधी भिंतीवरच एक कागद चिकटवा आणि वहीत असलेल्या नंबरवर फोन करा. काय सांगावं, आम्हीच येऊ पुसायला. मुलांना घेऊन येऊ, फोटो काढू, नुस्तेकान्नीला बोलावू आणि आमच्या हाताने चुना मारू. मग त्या भिंतीवर तुम्ही काहीही करा.

आमच्या भिंतीसाठी मी पुन्हा अर्ज दिला आहे, यावेळी पोच घेऊन. लांबी-उंची लिहिली आहे, मुदत तीन वर्षांची मागितली आहे, राखणारे म्हणून पायलटांच्या थांब्याचं आणि मासळी बाजाराचं नाव दिलं आहे. जुन्या वर्गातली मुलं आता बारावीच्या पुढे गेली आहेत, त्यांनी रविवारी यायचं कबूल केलं आहे. ते म्हातारे गृहस्थ गेल्या वर्षी गेले. पण क्रीम रंगाच्या मधोमध ओल पुन्हा उमटली आहे, त्याच जागी. त्यामुळे झर कुठे काढायची ते नव्या मुलांना मी दाखवू शकेन.

ऑक्टोबरात पाऊस सरतो. नुस्तेकान्न मला दर आठवड्याला विचारते, ‘टीचर, बांगडो केन्ना येतलो?’ तिला काय सांगू ते कृपया लेखी कळवावं.

आपली,
एक चित्रकला शिक्षिका